अण्णांची कावीळ



"आठवणी सांग, पण लांबण लावू नकोस," अशी मला ताकीद आहे. म्हणून एकच सांगते. जरा जड आहे.

आमचे अण्णा तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. किन्हवलीहून मुरबाडच्या एसटीत मला बसवून द्यायचे, गळ्यात तुळशीची माळ. पाच वर्षांपूर्वी ते लिव्हरच्या कॅन्सरने गेले. दहाव्याला कुणीतरी कुजबुजलं, "माळकरी होते खरे, पण लिव्हर गेलं म्हणजे घेत असणार." अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आईने ते ऐकलं. ते तिला अजून सलतं.

म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगते. अण्णांना हिपॅटायटिस बी होता. तरुणपणी त्यांना एकदा कावीळ झाली होती. वैदूने ती 'उतरवली', डोळे पांढरे झाले, सगळे विसरले. ती कावीळ हीच होती की दुसरी, आता कोण सांगणार? आपण एका शब्दात किती आजार कोंबतो! पाण्यातून होणारी ए आणि ई सहसा येते नि जाते. बी आणि सी रक्तातून शिरतात आणि काहीही न दाखवता वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतात. बी तर लिव्हरच्या पेशींच्या डीएनएत आपले तुकडे घुसवतो. पोटासाठी प्रोग्रॅम लिहिते, त्यामुळे डॉक्टरांचं हे वाक्य मला फार लवकर कळलं. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर घटला. याहून मोठा पुरावा काय हवा?

अमिताभ बच्चन यांना 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून हाच विषाणू मिळाला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. अण्णांना ते सांगायचं धाडस झालं नाही.

आपल्या लहानपणी ही लस नव्हती. देशभर बाळांना ती मिळायला २०११ उजाडलं. आणि दवाखान्यातली ती काचेची सिरिंज आठवते? एकच, सगळ्यांना. गर्दीच्या दिवशी किती उकळली जात असेल, देव जाणे. तेव्हा रक्ताची एचबीएसएजी तपासणी एकदा करून घ्या. निगेटिव्ह आलात तर मोठेपणीही लस घेता येते. सीला लस नाही, पण तो गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

अण्णांचं निदान झाल्यावर आम्ही दोघा भावंडांनी तपासणी केली. मी निगेटिव्ह. धाकटा पॉझिटिव्ह. तो रोज एक गोळी घेतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो, शेती बघतो. त्याला विचारूनच हे सांगतेय. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सांग, ताई."

मला सोडायला आलाय, बाहेर गाडीत बसलाय. आत यायला लाजतो. ताटातून, पाण्यातून, शेजारी बसल्याने हे लागत नाही, म्हणून पंगतीला मी त्याला घेऊन येणार आहे. बाई, तुम्ही त्याला लगेच ओळखाल. तुमच्या तासाला सगळ्यात जास्त वेळा अंगठे धरून उभा राहिलेला तोच.