समुद्राची हजेरी कोण घेतो?

(बंदर, गोदी व नौवहन कामगारांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'सागरी जीवसृष्टीचे दीर्घकालीन निरीक्षण' असा छापला आहे. चहाच्या वेळी दोघातिघांनी विचारले, याचा गोदीशी काय संबंध? संबंध सरळ आहे. जगातील अशा सर्वांत जुन्या निरीक्षणांपैकी एक निरीक्षण मालवाहू जहाजांवरील खलाशांच्या हातांनी चालत आले आहे.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी १९२५ ते २७ च्या अंटार्क्टिक मोहिमेत प्लवक गोळा करणारे एक यंत्र वापरले. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी. माशांचे सारे अन्न शेवटी त्यांच्यावरच अवलंबून असते. १९३१ साली इंग्लंडच्या हल बंदरातून निघणाऱ्या व्यापारी जहाजामागे हे यंत्र बांधले गेले आणि उत्तर समुद्राची मोजणी सुरू झाली.

यंत्र तारेच्या दोराने जहाजामागे, सुमारे सात मीटर खोलीवर ओढले जाते. मागचा पंखा पाण्याच्या जोराने फिरतो आणि आतली रेशमी जाळी हळूहळू सरकवतो. प्लवक जाळीवर अडकते, वरून दुसरी जाळी झाकली जाते आणि दोन्ही फॉर्मालिनच्या टाकीत गुंडाळल्या जातात. बंदरात उतरवल्यावर प्रयोगशाळेत दर दहा सागरी मैलांचा एक तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पद्धत मुळात तीच ठेवल्यामुळे आजचा आकडा आजोबांच्या काळातल्या आकड्याशी ताडून पाहता येतो. यंत्र पाण्यात सोडणे, वेळ व स्थान नोंदवणे, पुन्हा वर घेणे हे डेकवरच्या माणसांचे काम. जहाजे त्याचे भाडे घेत नाहीत. (हे काम खलाशाच्या कामाच्या तासांत धरले जाते की नाही, हा प्रश्न माझ्या मनात आलाच!) आजवर सत्तर लाखांहून अधिक सागरी मैल असे मोजले गेले.

त्यातून काय कळले? उत्तर समुद्रात कॅलानस नावाचा, तांदळाच्या दाण्याहून लहान जीव वसंत ऋतूत विपुल असे; कॉड माशाची पिल्ले त्यावर जगत. पाणी तापत गेले तसा तो घटला आणि त्याचा उष्ण पाण्यातला भाऊबंद आला, पण तो वाढतो उन्हाळ्याच्या अखेरीस. पिल्ले मात्र वसंतातच भुकेली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ईशान्य अटलांटिकमध्ये उष्ण पाण्यातील अशा जाती चाळीस वर्षांत दहा अक्षांशांहून अधिक उत्तरेकडे सरकल्या. यंत्रात काय अडकले याच्या नोंदींत १९५७ साली मासेमारीची प्लॅस्टिक दोरी आणि १९६५ साली आयर्लंडच्या वायव्येस प्लॅस्टिकची पिशवी सापडते. तेव्हा प्लॅस्टिक शोधायला कोणी निघाले नव्हते.

आता निधीची गोष्ट. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही मोजणी बंद पडण्याच्या बेतात आली. १९९० साली स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापून ती वाचवावी लागली. इंग्लिश खाडीतील ई-१ या ठिकाणची, १९०३ पासूनची मोजणी मात्र त्याच सुमारास थांबली, ती २००२ मध्ये पुन्हा सुरू झाली. नेमक्या त्याच वर्षांत उत्तर समुद्राची जीवसृष्टी पालटत होती. निधी पुन्हा मिळाला, पण चुकलेली ती वर्षे आता कोण मोजणार?

आपल्याकडे १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदराबंदरांतून उतरणाऱ्या माशांची मोजणी करते. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली आणि २०२१ साली अवघी ३,२९७ टन, हे त्यामुळेच सांगता येते. मोजणारा माणूस दुपारी बारा ते सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा धक्क्यावर उभा असतो; रात्री काय उतरले ते विचारून लिहितो. कोणती होडी खरे सांगते, कोणता तांडेल आकडा दडवतो, हे त्याला वर्षानुवर्षांच्या ओळखीने कळते. दर अकरा महिन्यांनी कंत्राटी माणूस बदलून ही ओळख तयार होत नाही. म्हणून आपल्या निवेदनात, सागरी नोंदणीची सर्व पदे कायम असावीत आणि जहाजावर असे काम पडल्यास ते कामाच्या तासांत धरावे, ही दोन कलमे घालावीत अशी माझी सूचना आहे. मसुदा समितीची बैठक उद्या आहे.