पदार्थ बदलतो म्हणजे काय?



पदार्थांतील बदल दोन प्रकारचे, भौतिक आणि रासायनिक, हे आपण सर्वजण लहानपणी शिकलो. जो बदल उलटवता येतो तो भौतिक, जो येत नाही तो रासायनिक, अशी खूणही पुष्कळांच्या ध्यानात असेल. माझे शिक्षण बेताचे. रसायनशास्त्र शिकलो ते मजुरांच्या संगतीत आणि उसन्या पुस्तकांतून. ही खूण फसवी आहे, हे मला चुन्याने शिकवले.

चुनखडी घ्या. फोडा, दळा, तिचे पीठ करा. ती चुनखडीच राहते. रूप बदलले, पदार्थ तोच. हा भौतिक बदल. पण तीच चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो चुनकळी उरते. खडा पूर्वीसारखाच पांढरा दिसतो, परंतु पदार्थ नवा झालेला असतो. त्यावर पाणी घाला. खडे सळसळतात, कढत होतात, फुटून त्यांची फक्की होते. ५६ किलो चुनकळी १८ किलो पाणी आपल्यात सामावून घेते आणि ७४ किलो विरलेला चुना होतो. हे पाणी उन्हात वाळवून परत निघत नाही. ते आता चुन्याचाच भाग झाले.

पुढे हा चुना गिलाव्यात जातो. तेथे तो हवेतून तोच वायू हळूहळू शोषून घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. तीन रासायनिक बदल झाले आणि चाक फिरून मूळ जागी आले! उलट कागद फाडणे हा भौतिक बदल, पण फाटलेला कागद पुन्हा अखंड होत नाही. तेव्हा ‘उलटतो का?’ हा प्रश्न कामाचा नाही. ‘पदार्थ तोच राहिला की नवा झाला?’ असे विचारले पाहिजे.

हा केवळ पंडिती वाद आहे, असे कृपा करून समजू नका. एका बांधकामावर चुनकळीची पोती पावसात भिजली. पोते तापलेले पाहून एका बिगाऱ्याने ते थंड करण्यासाठी त्यावर तांब्याभर पाणी ओतले. चुना उसळला आणि त्याचा एक डोळा गेला. इस्पितळात तो मला म्हणाला, “भाऊ, मी नुसतं पाणीच तर मारलं हो!” त्याच्या लेखी ते भिजवणे होते. तेथे नवा पदार्थ घडत होता आणि घडताना उष्णता बाहेर टाकत होता, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. चुना डोळ्यात गेलाच, तर थांबू नका. थोडे पाणी चुनकळीला तापवते, पण भरपूर वाहते पाणी तिला धुऊन नेते. वीसेक मिनिटे डोळा धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

आता दुसरी बाजू. भौतिक बदल म्हणजे निर्धोक, असेही मानू नका. खडी फोडणाऱ्या यंत्रापाशी दगडाचा फक्त भुगा होतो, पदार्थ तोच. पण त्यातील गारेची बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस जडतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. पाणी मारून धूळ दाबणे, हाच तेथे शहाणपणा.

म्हणजे पाहा, एका ठिकाणी पाण्याने माणूस आंधळा होतो, दुसऱ्या ठिकाणी पाण्यानेच त्याचा जीव वाचतो. कोठे काय, हे कळायला पदार्थाचे ज्ञान लागते. ते ज्ञान पुस्तकात आहे, इंजिनिअरापाशी आहे. ज्याच्या हातात फावडे आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपल्या घराचे काम निघेल, तेव्हा गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला एवढे अवश्य सांगा. मजुरीइतकाच त्याचा त्यावरही हक्क आहे.