रंगाची झीज आणि तिची परीक्षा

(जीर्णोद्धार समारंभाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचे बांधकाम पुरे होत आले की शेवटचा मोठा खर्च उरतो तो रंगाचा, आणि बहुतेक गावी तोच सर्वांत कमी विचाराने केला जातो. उद्घाटनाच्या दिवशी सारे झळकते. पुढच्या यात्रेपर्यंत उंबरठ्याजवळ खालचा कोबा उघडा पडतो, दर्शनबारीच्या कठड्यावर लोखंड दिसू लागते. मग ठपका येतो दुकानदारावर, नाहीतर रंगाऱ्यावर. पुष्कळदा दोष दोघांचाही नसतो. रंग मजबूत आहे का, एवढेच विचारलेले असते; कशापुढे मजबूत, हे कोणी विचारलेले नसते.

वर्षानुवर्षे चंदन उगाळून सहाणेला खळगा पडतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. झीज ही अशी दोन वस्तूंमधली गोष्ट असते. सभामंडपात अनवाणी पाऊल रंगाला फारसे खात नाही. पावलाखाली आलेली वाळू खाते. गारगोटीच्या कणाचे काठिण्य दहापैकी सात अंश मानतात. त्यापुढे रंगाचा कोणताही थर मऊच. म्हणून दाराशी पाय धुण्याची सोय आणि काथ्याचे जाड पायपुसणे यांनी जेवढा रंग वाचेल, तेवढा महागड्या डब्याने वाचेलच असे नाही. देणगीदारांना पायपुसण्यावर नाव घालता येत नाही, ही त्यातली अडचण खरी.

प्रयोगशाळेत ही झीज मोजण्याचे सर्वांत प्रसिद्ध यंत्र टेबर या नावाने ओळखले जाते. रंग दिलेला चार इंची चौकोनी पत्रा फिरत्या तबकडीवर बसवतात. त्यावर रबरात कुरुंदासारखी भुकटी घातलेली दोन चाके टेकवतात. प्रत्येक चाकावर २५०, ५०० किंवा १००० ग्रॅम वजन असते. तबकडी फिरली की चाके उलटसुलट फिरून पत्र्यावर गोल कडे घासतात, आणि निघालेली भुकटी एका नळीने ओढून घेतली जाते. सुरुवातीला पत्रा तोलायचा, हजार फेऱ्यांनंतर पुन्हा तोलायचा. जितके मिलिग्रॅम कमी भरले, तितकी झीज.

आकडा सोपा आहे, फसवाही आहे. एका डब्याच्या माहितीपत्रकात ४० मिलिग्रॅम व दुसऱ्याच्या ८० असले, तर पहिला दुप्पट टिकाऊ असे लगेच ठरत नाही. एकाची परीक्षा सौम्य सीएस-१० चाकाने आणि दुसऱ्याची अधिक खरखरीत सीएस-१७ चाकाने झाली असेल, तर तुलनाच होत नाही. शिवाय जड रंगद्रव्याचा थर थोडा झिजला तरी वजन अधिक घटते. तेव्हा आकड्याबरोबर चाक, वजन व फेऱ्या या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर तो आकडा बाजूस ठेवावा.

दुसरी एक जुनी परीक्षा खेड्यातल्या माणसाला चटकन पटेल अशी आहे. तीन फूट उंच नळीतून ठरावीक वाळू ४५ अंशांत तिरक्या ठेवलेल्या पत्र्यावर सोडतात. रंग जाऊन खालचा पत्रा दिसेपर्यंत किती लिटर वाळू लागली, ते मोजतात. वाऱ्यापावसाच्या तोंडी असणाऱ्या बाहेरच्या अंगाला ही परीक्षा अधिक जवळची.

आता भिंती. भिंतीला वाळू लागत नाही. तिला समईची काजळी, तेलकट हात, गुलाल आणि हळद-कुंकू लागते, व सणापूर्वी साबणाच्या पाण्याने घासणे घडते. त्यासाठी ओल्या घासणीची परीक्षा असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत २०० वेळा घासून थर किती मायक्रॉन उतरला ते पाहतात. युरोपीय वर्गवारीत पाच मायक्रॉनहून कमी उतरला तर रंग पहिल्या वर्गाचा. माणसाचा केस सुमारे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. स्वस्त डिस्टेंपरमध्ये खडूची पूड जास्त आणि तिला धरून ठेवणारा चिकट भाग कमी, म्हणून ते फडक्याबरोबर निघून येते.

हात आणि मस्तक टेकण्यानेही झीज होते. पंढरपुरात श्रीविठ्ठलाच्या चरणांची झीज हा भाविकांच्या काळजीचा विषय आहे. जून २०२० मध्ये, महामारीमुळे मंदिर दर्शनासाठी बंद असताना, पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तेथे मूर्तींवर रासायनिक लेप देण्यात आला. त्याआधीही असे लेप झाले होते. लेप आधी झिजावा आणि मूर्ती राहावी, हाच त्याचा हेतू. असले काम गावच्या रंगाऱ्याचे नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे. तसेच काळ्या दगडाच्या जुन्या खांबांना ऑईलपेंट लावू नये. थराखाली ओल कोंडते, आणि कोरीवकाम रंगात बुजते.

फरशीच्या बाबतीत अतिकठीण थर नेहमीच जास्त टिकतो, हाही गैरसमज आहे. चिवट पॉलियुरेथेन थोडे दबून पुन्हा वर येते आणि कठीण पण ठिसूळ थरापेक्षा पुष्कळदा कमी झिजते. इपॉक्सी आतल्या फरशीला उत्तम, पण उन्हातल्या पायऱ्यांवर त्याची पांढरी भुकटी होऊ लागते.

प्रयोगशाळा दूर असेल तर विश्वस्तांनी निदान एवढे करावे. भिंतीसाठी जे दोन-तीन रंग मनात असतील ते सिमेंटच्या पत्र्याच्या तुकड्यांवर सारख्याच हातांनी लावावे व पुरते आठ दिवस वाळू द्यावे. अर्ध्या विटेला जाडे कापड गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, वरून न दाबता प्रत्येक तुकड्यावर २०० वेळा ओढावी. वीट तीच, माणूसही तोच. कापड मात्र दर वेळी नवे. कोणत्या कापडाला किती रंग लागला ते सर्वांदेखत पाहावे, आणि ते तुकडे डब्याचे नाव व तारीख घालून मंदिराच्या कपाटात ठेवावे, म्हणजे पुढच्या रंगकामाच्या वेळी नव्या मंडळींना ते काढून पाहता येतील.