नाक्यावरच्या पोलिसाला कायदा माहीत असतो का?

(विद्यानगर, हैदराबाद इथे मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



65 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या सवयीचा आहे. उमरगा सुटलं की कर्नाटक लागतं. हुमनाबाद मागे पडलं की जहिराबाद येतं, म्हणजे तेलंगणा. सकाळी घरून निघालेला माणूस दुपारपर्यंत तीन राज्यांच्या पोलिसांसमोरून जातो. रस्ता तोच, गाडी तीच, पण गाडीतल्या वस्तूंना लागू होणारा कायदा दोनदा बदलतो. आज मला त्याबद्दल बोलायचंय.

समजा, मर्दानी खेळाचं एक पथक 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीसाठी उमरग्याहून टेम्पोने हैदराबादला निघालं. टेम्पोत लाठ्या, तलवारी, भाले आणि दोन दांडपट्टे. पुढच्या सीटवर गावातले एक काका. ते माजी सैनिक, हैदराबादेत सिक्युरिटी गार्डची नोकरी करतात, जवळ परवान्याची बारा बोअर बंदूक. नाक्यावर टेम्पो थांबवला. पोलीस विचारतो, "हे काय आहे?" आता पुढे काय होणार, हे कायदा काय म्हणतो यापेक्षा त्या पोलिसाला कायदा किती माहीत आहे यावर ठरतं. खरी अडचण इथेच आहे.

आधी बंदुकीचं बघू. शस्त्र अधिनियम 1959 चा, देशभर एकच. बंदुकीला परवाना लागतो, यात वाद नाही. पण "परवाना आहे ना, मग खांद्याला लावून फिरलं तर काय बिघडलं?" असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. बिघडतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली पाहिजे आणि नेणाऱ्याच्या ताब्यात पाहिजे. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सभेत किंवा कॉलेजच्या आवारात खास परवानगीशिवाय ती नेता येत नाही. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. आणि सीमाभागातल्यांनी सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे परवान्यावर लिहिलेलं क्षेत्र. महाराष्ट्रापुरताच असलेला परवाना जहिराबादला कामाचा नाही. काकांची बंदूक सकाळी कायदेशीर असते आणि दुपारी तीच बंदूक गुन्हा ठरू शकते.

तलवारीचं गणित वेगळं आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. पण कायद्याचं कलम 4 सांगतं की अशा हत्यारांना परवाना लागतो तो केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवलेल्या भागातच. म्हणजे तलवार सापडली की पोलिसाने पहिला प्रश्न स्वतःला विचारायला हवा: या भागाला अधिसूचना लागू आहे का? व्यवहारात बऱ्याचदा आधी गुन्हा दाखल होतो आणि अधिसूचना कोर्टात शोधली जाते. ती सादर न झाल्यामुळे आरोप टिकला नाही, असे निकाल आहेत. पण तोवर पोराची नोकरीची पडताळणी अडकलेली असते. लाठीचं म्हणाल तर शेतीच्या किंवा घरगुती वापराची साधी लाठी या कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच नाही.

मग पोलिसाने लाठीसुद्धा काढून घेतली तर ते बेकायदा का? नाही, तसंही नाही. इथे स्थानिक कायदा येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37. मनाई आदेश निघाला की तलवार, भाला, बंदूक, सुरा, काठी, सगळंच घेऊन फिरण्यावर बंदी येते. याच कलमाखालची जमाव किंवा मिरवणुकीवरची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून जास्त चालत नाही. कर्नाटकात तेच काम 1963 च्या पोलीस कायद्याचं कलम 35 करतं. आणि आपण आत्ता बसलोय त्या विद्यानगरात हैदराबाद शहर पोलीस कायदा लागतो, त्याचं साल 1348 फसली! निजामाच्या काळातला कायदा, अजून चालू. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163, म्हणजे जुनं 144, तिन्हीकडे आहेच.

थोडक्यात, टेम्पोतली तीच काठी सोमवारी काठी असते आणि मंगळवारी आदेश निघाला की गुन्हा होते. 2024 साली महाराष्ट्र सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. आपल्याला अभिमान आहे. पण हुमनाबादच्या पुढे त्या घोषणेचा काही उपयोग नाही.

आता पोलिसाच्या बाजूनेही बघू या. बारा तास उन्हात उभ्या असलेल्या शिपायाने केंद्राचा कायदा, राज्याचा कायदा, कलम 4 च्या अधिसूचना आणि दर पंधरवड्याला बदलणारे आदेश पाठ ठेवायचे, ही अपेक्षा अवघड आहे. पण आपल्यासाठी कायद्याचं अज्ञान ही सबब नाही, हे तत्त्व आपण दुसऱ्याच सेमिस्टरला शिकतो. मग पोलिसासाठी ती सबब असावी का? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2014 साली हायेन विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना खटल्यात म्हटलं की पोलिसाची कायदा समजण्यातली चूक वाजवी असेल तर तेवढ्यामुळे गाडी थांबवणं बेकायदा ठरत नाही. त्या राज्यात मागचा एकच ब्रेक-दिवा चालू असला तरी कायद्याने पुरेसा होता, पोलिसाला ते माहीत नव्हतं. मला हा निकाल पटत नाही. चुकीची किंमत ज्याला द्यावी लागते त्याच्या हातात काठी आहे आणि चूक करणाऱ्याच्या हातात अटकेचा अधिकार आहे. दोघांना एकच माप लावता येणार नाही.

आपल्याकडे कोर्टाने अशा बाबतीत कान टोचलेले आहेत. निवडणूक आली की सगळ्या परवानाधारकांनी सरसकट बंदुका ठाण्यात जमा करायच्या, अशी पद्धत होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं की सरसकट नाही. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीसप्रमुखांच्या छाननी समितीने प्रत्येकाचं प्रकरण बघायचं. जामिनावर असलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, दंगलीत सापडलेले, अशांचा विचार आधी करायचा. तरी आजही गावात फोन येतो तो "बंदूक आणून टाका" एवढाच.

सीमाभागात याला अजून एक पदर आहे, भाषेचा. आदेश तेलुगूत किंवा कन्नडमध्ये निघतो. टेम्पोतल्या पोरांना तो वाचता येत नाही, आणि पोलिसाला त्यांचं मराठी कळत नाही. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली परमडोली, मुकदमगुडा ही गावं आठवा. दोन्ही राज्यांची रेशनकार्डं, दोन्हीकडच्या मतदार याद्यांत नावं. त्या गावात मनाई आदेश कुणाचा मानायचा? मानला नाही तर पकडून कुठल्या राज्यात नेणार?

म्हणून नोव्हेंबर 2025 चा सुप्रीम कोर्टाचा मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवा. अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पाहिजे. मराठी माणसाला जहिराबादेत पकडलं तरी हा हक्क तसाच राहतो. आणि तक्रार करायची तर संविधानाचं कलम 350 आहे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तेलंगणात मराठी वापरली जाते. आपण इथे जमलोय हाच त्याचा पुरावा.

मग करायचं काय? नाक्यावर हुज्जत घालू नका. शस्त्र अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे शस्त्र नेणाऱ्याकडे परवाना मागायचा पोलिसाला अधिकार आहे, तो शांतपणे दाखवा. विचारायचं एवढंच: कोणता आदेश, कोणत्या तारखेचा, कोणत्या कलमाखाली? वस्तू जप्त केली तर पंचनाम्याची प्रत मागा. पथकाने निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक जिल्ह्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोचपावती टेम्पोत ठेवावी. खेळाची हत्यारं बांधून, झाकून न्यावीत. रस्त्यात रील काढायला तलवार उपसली तर कुठलंच कलम तुम्हाला वाचवणार नाही.

आणि मागण्या आपल्या दोनच आहेत. सीमेलगतच्या जिल्ह्यांत प्रत्येक मनाई आदेश मराठीतही निघावा आणि ठाण्याबाहेर लागावा. आणि नाक्यावरच्या पोलिसाकडे चालू आदेशाचा एक कागद असावा, तो त्याने वाचलेला असावा. ज्या आदेशावरून आपल्याला अटक होऊ शकते तो आपल्याला वाचता यावा, यात जास्त काही मागणं नाही.