देवीचं नाव मतदारयादीत नसतं

समोरची मराठी मंडळी, आणि मागच्या रांगांत ड्यूटीवरून थेट येऊन बसलेल्या माझ्या मुलींनो,

माझ्या आधी बोललेल्या सगळ्यांनी नर्सची देवी केली. ममता झाली, त्याग झाला, नाइटिंगेल बाईंचा दिवाही झाला. आभारी आहे. पण देवी करण्यात समाजाची मोठी सोय असते. देवीला पगारवाढ लागत नाही, रात्रपाळीनंतरची सुट्टी लागत नाही, आणि मतदारयादीत तिचं नाव कुणी शोधत नाही. 12 मेच्या परिचारिका दिनाला फुलं वाहिली की वर्षभर मोकळं. निवृत्त नर्सला अध्यक्ष केलंत, तर आता तिचं कडूही ऐकून घ्या.

24 जुलै 2023 ला लोकसभेत नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचं विधेयक मांडलं गेलं. 28 तारखेला ते मंजूर झालं. मणिपूरच्या हिंसाचारावरून गदारोळ चालला होता, त्या गदारोळातच, आवाजी मतदानाने. 8 ऑगस्टला राज्यसभेने ते मंजूर केलं, 12 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. 1947 च्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याची जागा घेणारा हा कायदा. आपलं शिक्षण, आपली नोंदणी, आपल्या कामाच्या मर्यादा ठरवणारा. लोकसभेने तो चार दिवसांत उरकला, आणि या सभागृहातल्या कितीजणींना त्याची बातमी तरी लागली? जुन्या कौन्सिलवर राज्याराज्यांतून निवडून आलेली नर्स बसायची. नव्या आयोगात 29 जणांची जागा आहे, अध्यक्ष नर्सिंगमधलीच हवी अशी अटही आहे, पण मार्ग नेमणुकीचा. निवडणूक गेली आणि आपण हूं की चूं केलं नाही.

आता डॉक्टरांकडे बघा. 2019 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या विधेयकात कलम 32 होतं, डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना औषधोपचाराचा मर्यादित परवाना देणारं. 31 जुलैला इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर चोवीस तास काम बंद ठेवलं. कलम तरीही राहिलं, आणि त्यांचा विरोध मला आजही पटत नाही. पण कलमाचा आकडा त्यांच्या पोरसवदा इंटर्नलाही पाठ होता. आपल्याला आपल्या कायद्याचं नाव धड सांगता येत नाही.

हे सगळं हैदराबादेत का बोलते? कारण नर्सच्या हाती बाळंतपणाचं काम सोपवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या दाराशी झाला. फर्नांडिस हॉस्पिटलमध्ये डॉ. एविटा फर्नांडिस यांनी 2011 पासून मिडवाइफ घडवायला घेतल्या. 2017 मध्ये तेलंगणा सरकारने त्यांना आणि युनिसेफला सोबत घेऊन करीमनगरला सरकारी नर्सेससाठी दीड वर्षाचं प्रशिक्षण काढलं. डिसेंबर 2018 मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हे पद कागदावर आलं. एका खासगी दवाखान्यातलं काम राज्याचं धोरण झालं, मग देशाचं. हे कुणाच्या आशीर्वादाने झालं नाही. कुणीतरी आकडे मांडले, कुणीतरी सचिवांच्या दालनाबाहेर तासन्‌तास बसलं.

आणि आकडे काय आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, तेलंगणात शंभरातली 60.7 बाळंतपणं सिझेरियनने झाली. देशात हा आकडा 21.5, महाराष्ट्रात 25.4. खासगी रुग्णालयांत इथे शंभरात ऐंशीच्या वर. साठ टक्के तेलंगणी बायकांची शरीरं बिघडलेली नाहीत, बिघडलीय ती व्यवस्था. त्यात डॉक्टरांची घाई आहे, रुग्णालयाचं बिल आहे, आणि आपलाही हात आहे. मुहूर्त काढून नातू जन्माला घालणारी मराठी घरं मी सुलतान बाजारापासून काचिगुड्यापर्यंत पाहिली आहेत. पंचांग उशीखाली ठेवून लेबर रूमबाहेर बसणारे आजोबा याही सभेत असतील. असोत, आज वाद नको. पण कळा सोसणाऱ्या बाईजवळ तासन्‌तास बसेल, वाट पाहील, आणि खरंच गरज पडली तरच सर्जनला हाक मारेल, अशी माणसं हवी असतील, तर ती या मागच्या रांगांतच बसली आहेत. त्यांच्या हातात कायद्याचं बळ मात्र नाही.

रात्री अडीच वाजता बाळंतिणीला रक्तस्राव सुरू होतो. ऑक्सिटोसिन कोण लावतं? सिस्टर. फोनवर आवाज येतो, ‘द्या सिस्टर, मी येतो.’ सही होते सकाळी राउंडला. 1945 च्या औषध नियमांप्रमाणे प्रिस्क्रिप्शनवर नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते. बाई वाचली तर श्रेय सहीचं, दगावली तर चौकशी सिस्टरची. आम्हाला शस्त्रक्रिया करायची नाही, नावामागे डॉक्टर लावून मिरवायचंही नाही. जे काम नर्स प्रॅक्टिशनर रोज करते आणि ज्याचं प्रशिक्षण सरकारनेच तिला दिलं, त्याची लेखी मर्यादा, तेवढ्या औषधांची यादी आणि तिच्या नावाचं वेगळं पद नियमांत यावं. आयसीयूसाठीही इंडियन नर्सिंग कौन्सिलने दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम काढला. मुली शिकतात, आणि बाहेर पडून स्टाफ नर्सच्याच पगारावर स्टाफ नर्सचंच काम करतात. पदच नसेल तर पदवी काय भिंतीवर टांगायची?

नर्सला औषध लिहायचा अधिकार कुठेच मिळाला नाही असं नाही. इंग्लंडमध्ये घरोघरी फिरणाऱ्या नर्सला मलमपट्टीच्या सामानासाठीही डॉक्टरच्या सहीची वाट पाहावी लागे. 1986 मध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या अहवालाने हे वेड्यासारखं आहे असं मांडलं. नर्सेस मागे लागल्या, रॉजर सिम्स या एका खासदाराने खासगी विधेयक आणलं, आणि 1992 मध्ये कायदा झाला. अहवालापासून कायद्यापर्यंत सहा वर्षं, आणि तेही सरकारने पुढाकार घेतला नसताना.

इंग्लंड लांब वाटत असेल तर केरळ घ्या. खासगी नर्सेसच्या पगाराबद्दल जानेवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने लिहिलं की पन्नासहून कमी खाटांच्या दवाखान्यातही पगार 20,000 च्या खाली नको, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका. सगळ्या राज्यांना ते कागद गेले. बहुतेकांनी फायलीत बांधले. केरळातल्या नर्सेसनी बांधू दिले नाहीत. एप्रिल 2018 मध्ये त्या चेरतलाहून तिरुवनंतपुरमला पायी निघणार होत्या, आणि मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्या शहरात काय चाललं आहे ते मागच्या मुलींना विचारा. अजिंठा एक्स्प्रेसने काचिगुड्याला उतरलेली परभणीची, नांदेडची मुलगी. तिची मूळ प्रमाणपत्रं कपाटात डांबून ठेवणारे दवाखाने मी पाहिलेत. एकात मी स्वतः नोकरी केली.

इथे साहित्यिक मंडळी बसली आहेत, त्यांनाही सोडत नाही. तुमच्या कथेत नर्स येते ती डॉक्टरच्या प्रेमात पडायला किंवा नायकाच्या उशाशी रात्र जागायला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबागवर तुम्ही कविता केल्या, नाटकं पाहून रडलात. पण केईएमच्या नर्सेसनी काय केलं, ते कुणी नीट लिहिलं? 1973 मध्ये अरुणावर हल्ला झाल्यानंतर त्यांनी सुरक्षिततेसाठी काम बंद केलं. पालिकेने तिला तिथून हलवायचा घाट घातला तेव्हा आडव्या उभ्या राहिल्या. आणि तिच्या दयामरणाच्या याचिकेवर 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तिच्या वतीने बोलायचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. निष्क्रिय दयामरणाचा या देशातला पहिला कायदेशीर मार्ग ज्या निकालाने आखला, त्यात वॉर्डातल्या बायकांचं म्हणणं निर्णायक ठरलं. तुम्ही अरुणेच्या दुःखात अडकून पडलात आणि ही लढाई तुमच्या नजरेतून निसटली.

‘नर्सने राजकारणात पडू नये’ असं कुणी कुजबुजत असेल, तर त्यांनी रमाबाई रानड्यांना आठवावं. ससूनमध्ये नर्सिंग शिकायला विधवा आणि घरंदाज बायका पाठवणारं पुण्याचं सेवासदन त्यांचं, आणि मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही त्याच. त्यांना ही दोन कामं वेगळी वाटली नाहीत.

सरकारी नोकरीतल्या मुली म्हणतील, आचारनियम आहेत. कंत्राटी मुली म्हणतील, उद्या काढून टाकतील. दोन्ही भीती खऱ्या आहेत. मग आम्हा निवृत्तांना पुढे करा, आमची कोण काय बदली करणार? प्रसूतीच्या नोंदवह्या तुम्हीच लिहिता. आईचं नावगाव वगळून संघटनेकडे आकडे द्या: किती बाळंतपणं मिडवाइफच्या हातून नीट पार पडली, किती वेळा डॉक्टरची वाट पाहावी लागली. आमदाराकडे बुके घेऊन जाऊ नका. एक पान घेऊन जा, त्यावर नियमाचा क्रमांक, आजचा मजकूर आणि हवा असलेला मजकूर. ते पान लिहून द्यायला या सभागृहात वकील आहेत, निवृत्त सचिवालयीन अधिकारी आहेत. त्यांनी भाषणांऐवजी तेवढं द्यावं. नव्या कायद्यात राज्य आयोगाचीही तरतूद आहे. तेलंगणात त्याचं काय झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारा, दहा रुपयांत होतं.

आणि एक काम आज सांगून जाते. तेलंगणाला विधान परिषद आहे, आणि तिच्यात पदवीधर मतदारसंघ आहेत. महबूबनगर-रंगारेड्डी-हैदराबादच्या जागेवर 2021 मध्ये सुरभी वाणी देवी निवडून आल्या. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणाऱ्या माजी पंतप्रधान नरसिंह रावांच्या त्या कन्या. सदस्याची मुदत सहा वर्षांची, म्हणजे पुढची निवडणूक 2027 ची. या मतदारसंघाची यादी दर वेळी नव्याने होते, जुनं नाव चालत नाही. बी.एस्सी. नर्सिंग होऊन तीन वर्षं झालेली आणि इथे राहणारी प्रत्येक मुलगी मतदार होऊ शकते. या शहरातल्या नर्सेसनी ठरवून नावं घातली, तर उमेदवार तुमच्या हॉस्टेलवर चालत येतील. नोंदणी जाहीर झाली की फॉर्म 18 भरा. मत मागायला जो येईल, त्याला विचारा: नर्स प्रॅक्टिशनरचं पद कधी आणणार, आणि सभागृहात त्याबद्दल कोणत्या अधिवेशनात बोलणार? तारीख लिहून घ्या.