गाठीचा कागद

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



१९५४ साली याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली व पुढे पेनिसिलिन आपल्या दाराशी तयार होऊ लागले. ते काही जंतूंवर चालते, काहींवर नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या औषधांचेही तसेच आहे.

गाठीच्या तुकड्यात तीन प्रथिने पाहतात: इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक, आणि हर-टू. पहिली दोन आढळली, तर संप्रेरकांना अटकाव करणाऱ्या गोळ्या निदान पाच वर्षे घ्याव्या लागतात, आणि रोग परतण्याची भीती पुष्कळ कमी होते. हर-टू वाढलेले असले की रोग उग्र असतो, हे स्लेमन प्रभृतींनी १९८७ मध्ये दाखविले. पण १९९८ साली नेमके त्यावरचेच औषध, ट्रास्टुझुमॅब, अमेरिकेत मान्य झाले, आणि जी खूण अशुभ होती तीच उपचाराची वाट ठरली. तिन्ही नसल्यास मुख्य भिस्त केमोथेरपीवर.

आपल्या घरांत मात्र ‘कॅन्सर आहे’ एवढे ऐकून पुढचा कागद कोणी वाचीत नाही. संकोच बायकांपेक्षा पुरुषांनाच अधिक! भगिनींनो, गाठ लपवू नका. तुकडा काढतील तेव्हाच या तिन्ही प्रथिनांची तपासणी सांगितली आहे काय, हे विचारा. तो अहवाल आणि मेणात बसविलेला नमुना, ज्यास प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, रेशनकार्डासारखा जपा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास प्रथम तोच मागतात.