शेपटी सोडावी, जीव राखावा
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



बाप्पाच्या मांडवात आज मला पाल, सरडा आणि घोरपड यांच्याविषयी बोलायचे आहे. पालीशी आपली ओळख जुनी. पंचांगात पल्लीपतनाची फळे छापलेली असतात, मनात शंकेची पाल चुकचुकते. पण ती स्वतःचा जीव कसा वाचवते, हे क्वचितच कोणी पाहतो.

मांजराने झडप घातली की पाल शेपटी सोडून देते. शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या जागा आधीपासून असतात. स्नायू आवळले जातात, शेपटी सुटते, रक्त फारसे येत नाही. सुटलेली शेपटी वळवळत राहते. मांजर तिच्यात गुंतते आणि पाल पसार होते. सौदा मात्र महागाचा. शेपटीत साठवलेली चरबी जाते. नवी शेपटी येते, पण तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. त्यामुळे पुढच्या वेळी शेपटी अंगाच्या आणखी जवळून तोडावी लागते.

बागेतल्या सरड्याला ही सोय नाही. तो फांदीच्या रंगात मिसळून निश्चल राहतो. विणीच्या काळात नराचा गळा लाल होतो, म्हणून ‘रक्तपित्या’ असा आळ त्याच्यावर आला!

घोरपड अंग फुगवते, फूत्कारते, शेपटीचे फटके मारते. कपारीत शिरून फुगली की ओढून निघत नाही. गड चढवणाऱ्या घोरपडीच्या कथांमागे हीच चिवट पकड आहे.

हे सारे डावपेच साप, घार, मांजर यांच्यापुढे चालतात. माणसापुढे चालत नाहीत. आपल्या ग्वाल्हेरकडे घोरपडीच्या पिल्लाला ‘गोहेरा’, ‘बिसखोपरा’ म्हणून महाविषारी ठरवतात आणि काठीने मारतात. वास्तविक भारतातल्या कोणत्याही पाली-सरड्याच्या किंवा घोरपडीच्या विषाने माणूस दगावत नाही. दुसरे संकट लोभाचे. धनप्राप्तीसाठी ‘हत्था जोडी’ नावाची मुळी विकतात. ती पुष्कळदा मुळी नसतेच, तर नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिला मारणे किंवा तिचे अवयव बाळगणे हा गुन्हा आहे.

तेव्हा विनंती दोनच. देव्हाऱ्यात असली वस्तू आणू नका. आणि अंगणात घोरपड दिसली तर काठी न उचलता तिला वाट द्या, ती आपणहून निघून जाईल.

गणपती बाप्पा मोरया!